दख्खनी चिलखती स्वार : जुळे सोलापुरात छापलेल्या संचाचे परीक्षण

जुळे सोलापुरातील एक छोटी थ्रीडी छपाई कार्यशाळा टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांसाठी ऐतिहासिक सैनिकांच्या लघुआकृती मागणीनुसार छापून देते. तिने काढलेला सोळाव्या शतकातील दख्खनी चिलखती घोडदळाचा संच मी विकत घेतला, स्वतः रंगवला आणि तुलनेसाठी त्याच नमुन्याचे दोन स्वार कार्यशाळेकडूनही रंगवून घेतले. मत आधीच सांगून टाकतो : न रंगवलेला संच निःशंकपणे घ्यावा, रंगवून देण्याची सेवा चिलखती स्वारांपुरती तरी तूर्त घेऊ नये, आणि भाले रेझिनचे (आकृती ज्यात छापतात त्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) न ठेवता तारेचे करावेत. कार्यशाळा राहत्या घरातून चालते, म्हणून तिचे नाव आणि पत्ता येथे देत नाही; शहरात हा खेळ खेळणाऱ्या कोणालाही विचारल्यास ती सापडते.

संचात सहा स्वार आणि सहा घोडे येतात. आकृत्या २८ मिमी मापाच्या आहेत, म्हणजे उभ्या माणसाची उंची तळव्यापासून डोळ्यांपर्यंत साधारण तेवढी भरते. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांच्या एका प्रचलित नियमपद्धतीत या मापाचे घोडदळ ६० मिमी रुंदीच्या तळावर तीन-तीन स्वार असे लावतात, त्यामुळे एका संचात दोन तुकड्या नेमक्या उभ्या राहतात. घोडा, स्वार, ढाल आणि भाला हे सगळे सुटे मिळतात आणि रंगवणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे, कारण स्वार घोड्यावर चिकटलेला असला की खोगिराचा मागचा भाग, मांडीची आतली बाजू आणि ढालीमागचे चिलखत इथपर्यंत ब्रश पोहोचतच नाही. इंग्लंडमधील पेरी बंधूंनी काढलेली पंधराव्या शतकातील युरोपीय चिलखती स्वारांची बारा आकृत्यांची प्लास्टिकची पेटी मी पाहिली आहे आणि तिची घडण अप्रतिम आहे. मात्र टपालखर्च आणि आयात शुल्क धरता ती येथे महाग पडते, शिवाय मला हवे होते ते दख्खनचे सैन्य.

ते हवे असण्याला कारण आहे. सोलापूरचा भुईकोट किल्ला हा निजामशाही आणि आदिलशाही यांच्या भांडणाचा जुना विषय होता. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी हिचा विवाह अली आदिलशहाशी करून दिला, तेव्हा हाच किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला आणि त्या सोयरिकीतून जुळलेल्या आघाडीने जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध राक्षस-तागडीची लढाई लढली. ज्या शहराच्या मालकीवरून एवढे राजकारण झाले, त्या शहरातल्या खेळाडूंच्या टेबलावर अजूनही बहुतेक वेळा फ्रेंच आणि इंग्रज सरदारच समोरासमोर येतात. दख्खनी सैन्य उभे करण्याची सोय गावातच झाली, ही या संचाची पहिली जमेची बाजू.

दुसरी बाजू शिल्पाची, आणि तिच्याविषयी विस्ताराने लिहायला हवे. मूळ डिजिटल शिल्प परदेशी कलाकाराचे असून छापून विकण्याचा परवाना कार्यशाळेने रीतसर घेतलेला आहे. तो मागितल्यावर लगेच दाखवण्यात आला. शिल्पकाराने जुनी चिलखते नीट पाहिलेली आहेत. स्वाराच्या अंगात कड्यांचे चिलखत असून त्या कड्यांतच पोलादी पट्ट्या गुंफलेल्या आहेत : छातीवर मोठ्या पट्ट्या, कुशीला आणि पाठीवर लहान पट्ट्यांच्या आडव्या रांगा आणि बाह्या नुसत्या कड्यांच्या. कोपरापासून मनगटापर्यंत दस्ताना, म्हणजे हाताचे पोलादी कवच, आहे. टोपाला वरखाली सरकणारी नाकपट्टी असून मागे मानेवर कड्यांची झालर उतरते. ढालीवरच्या चार फुल्या (धातूचे गोल उंचवटे) बरोबर जागी आहेत, कारण मागची मूठ ज्या कड्यांत ओवलेली असते, त्या कड्यांचे खिळे पुढे या फुल्यांखालीच बसतात. चारही फुल्या मध्याजवळ चौकोनात नसतील तर ती ढाल हातात धरताच येणार नाही.

घोड्याची पाखर तर याहून चांगली उतरली आहे. पाखर म्हणजे घोड्यावर पांघरलेली सलग चादर नव्हे. मानेचा, छातीचा, दोन्ही कुशींचा आणि पुठ्ठ्याचा (मागच्या भागाचा) असे तिचे वेगवेगळे भाग असतात आणि ते पट्ट्यांनी व बकलांनी एकमेकांना जोडलेले असतात. या संचात ते भाग सुटे दिसतात, त्यांच्यामधल्या फटी दिसतात आणि खालच्या कडेला कापडी अस्तराची बारीक किनारही दिसते. एका घोड्याने पुढचा पाय उचललेला आहे, तिथे छातीचा भाग किंचित वर सरकून कुशीच्या भागावर चढला आहे. एवढे बारकावे शिल्पकाराने दिले असताना रंगवणाऱ्याने ते एका चंदेरी थराखाली बुजवू नयेत, असे मला कळकळीने वाटते.

एक ऐतिहासिक उणीव नोंदवतो. स्वारांच्या पंजांवर युरोपीय धाटणीचे, बोटांवर सुटे पत्रे असलेले लोखंडी मोजे आहेत. आपल्याकडे दस्तान्याला जोडून हातावर येतो तो कापडाचा किंवा कड्यांचा पंजा. बारीक कानशीने बोटांवरचे पत्रे घासून तिथे तांबडे किंवा हिरवे कापड रंगवले की दोष राहत नाही. घासताना आकृती पाण्यात भिजवून घासावी आणि तोंडावर मास्क ठेवावा, कारण रेझिनची भुकटी श्वासात जाणे चांगले नाही.

छपाईचा दर्जा बहुतांशी समाधानकारक आहे. थराची जाडी ०.०५ मिमी आहे आणि उभ्या पृष्ठभागांवर, म्हणजे पाय, बाह्या, चेहरे यांवर, थरांच्या रेषा अजिबात जाणवत नाहीत. जिथे पृष्ठभाग हळूहळू आडवा होत जातो, म्हणजे टोपाचा माथा आणि घोड्याचा पुठ्ठा, तिथे मात्र त्या दिसतात. साध्या मॅट रंगाखाली त्या लपून गेल्या असत्या. धातूच्या रंगाखाली त्या उठून दिसतात, कारण चकाकी प्रत्येक उंचवट्यावर वेगळी पडते. म्हणून चिलखती आकृतींना छपाईची कसोटी इतरांपेक्षा कडक लागते आणि कार्यशाळेने या संचासाठी तरी ०.०३ मिमीचा थर वापरावा. वेळ जास्त लागेल, पैसे थोडे जास्त पडतील. ते द्यायला कोणीही खळखळ करणार नाही. सपोर्टचे, म्हणजे छपाईत आकृतीला दिलेल्या टेकूंचे, व्रण घोड्याच्या पोटाखाली ठेवण्याची काळजी घेतली आहे, हे चांगले केले. एका आकृतीच्या खोगिराखालच्या खोबणीत मात्र न धुतलेले चिकट रेझिन राहिले होते. असे आढळल्यास हातमोजे घालून ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे आणि आकृती पुन्हा अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात ठेवावी. सोलापूरच्या उन्हाला हे काम फार वेळ लागत नाही.

आता रंगकाम. चिलखत रंगवताना बहुतेकांचे लक्ष चकाकीकडे असते. माझ्या मते पोलाद उभे राहते ते दोन पट्ट्यांमधल्या काळोखामुळे, आणि या संचाचे खरे सामर्थ्य त्याच जागी आहे, कारण पट्ट्यांमधल्या खाचा पुरेशा खोल कोरलेल्या आहेत. म्हणून प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, काळाच असावा. वाहनांच्या रंगांच्या दुकानात मिळणारा मॅट काळा स्प्रे या कडक रेझिनवर व्यवस्थित बसतो. फक्त तो पहाटे मारावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना दुपारी स्प्रे मारला तर रंगाचे थेंब आकृतीपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पट्ट्यांच्या कडा मग कायमच्या बिघडतात.

पोलादासाठी मी व्हॅलेहो कंपनीच्या मेटल कलर मालिकेतील गनमेटल, स्टील आणि सिल्व्हर या तीन छटा वापरल्या. ३२ मिलीच्या बाटलीत येणारे हे रंग मुळात एअरब्रशसाठी बनवलेले आहेत, पण ब्रशनेही ते फार सुरेख बसतात, कारण त्यांतली धातूची भुकटी अत्यंत बारीक असते. हस्तकलेच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त चंदेरी रंगांत अभ्रकाचे कण मोठे असतात. फुलदाणीवर ते शोभतात, पण जिथे एका पट्टीची रुंदी जेमतेम एक मिलिमीटर आहे तिथे प्रत्येक कण वेगळा चमकतो आणि पोलादाऐवजी चमकी लावल्यासारखे दिसते. या एका जागी पैसे वाचवू नयेत. घोडे, कापड, चामडे यांसाठी कॅमलिनचे साधे अॅक्रिलिक रंग पुरतात आणि ते कोणत्याही स्टेशनरी दुकानात मिळतात.

कड्या आणि पट्ट्या यांना एकच पद्धत लावू नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. कड्यांच्या भागावर गनमेटलचा ड्रायब्रश (रंग जवळजवळ पुसून काढलेला कोरडा ब्रश) फिरवला की वरचे उंचवटे उजळतात, खोलगट भाग काळा राहतो आणि काम तिथेच संपते. त्यावर सिटाडेल कंपनीच्या नल्न ऑइलसारखा काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) एकदा दिला तरी पुरे. पट्ट्यांवर ड्रायब्रश मुळीच लावू नये. तिथे प्रत्येक पट्टी टोकदार ब्रशने वेगळी भरावी आणि भोवतालची काळी रेष शाबूत ठेवावी. त्यानंतर प्रकाश एका ठरावीक दिशेने, समजा डाव्या खांद्यावरून, येतो असे मानून त्या बाजूच्या पट्ट्यांवर स्टील चढवावे, उलट्या बाजूच्या पट्ट्यांवर निळसर काळ्या रंगाचा अगदी पातळ थर द्यावा आणि सिल्व्हर फक्त वरच्या कडेला, तेही मोजक्या पट्ट्यांवर लावावे. असे केले की हातभर अंतरावरूनही बाही कड्यांची आणि छाती पट्ट्यांची, हा फरक नजरेला कळतो. सगळ्या पट्ट्या सारख्याच उजळल्या तर तो फरक नाहीसा होतो.

पोलाद किती काळपट ठेवायचे, याचा अंदाज जुन्या वस्तू पाहून घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे १५८१ सालचे पोलादी छातीचे कवच आणि ढाल आहे. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात १६०० च्या सुमाराचे भारतीय हत्तीचे चिलखत आहे. त्यातल्या ५,८४० पट्ट्या आज शिल्लक असून त्यांचे वजन ११८ किलो भरते. कड्यांत गुंफलेल्या लहानमोठ्या पट्ट्यांची तीच रचना या संचातल्या पाखरीत आहे, त्यामुळे त्याची छायाचित्रे रंगवताना समोर ठेवण्याजोगी आहेत. दोन्हींकडे पाहिल्यावर लक्षात येते की पोलादाचा मूळ रंग करडा, मंद आहे. उजेड पकडतात त्या फक्त कडा. पितळी आणि पोलादी कड्या मिसळून केलेली गंगाजमनी नक्षी मोहक असते, पण तिची आज दिसणारी बहुतेक उदाहरणे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आहेत. १५६५ च्या स्वारांवर ती रंगवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. पितळ हवेच असेल तर ते टोपाच्या कडेला आणि ढालीच्या फुल्यांना ठेवावे.

दोन व्यावहारिक गोष्टी. धातूच्या रंगाचे ब्रश आणि पाण्याची वाटी वेगळी ठेवावी, नाहीतर चंदेरी कण घोड्याच्या अंगावर आणि स्वाराच्या गालावर जाऊन बसतात. आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो, म्हणून पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद ठेवून त्यावरच रंग घ्यावा. याच कारणाने तीन शून्यांचा अतिबारीक ब्रश येथे कामाचा नाही. त्यात रंग मावतो एवढासा आणि आकृतीवर टेकेपर्यंत तो वाळलेला असतो. चांगल्या सेबल केसांचा एक नंबरचा, टोक शाबूत असलेला ब्रश पट्टीच्या कडेसाठी कधीही बरा.

घोड्यांचे उघडे भाग थोडेच आहेत : पाय, तोंडाचा खालचा भाग, शेपूट. तरी तेवढ्यावरच घोडा ओळखू येतो, तेव्हा सहाही घोडे एकाच तपकिरी रंगात काढू नयेत. अकलूजच्या घोडेबाजारात जे घोडे दिसतात त्यांची छायाचित्रे मी समोर ठेवली. कुमाईत (तांबूस तपकिरी) घोड्याचे पाय गुडघ्याखाली काळे होत जातात, आणि पंचकल्याणी घोड्याला चारही पाय व कपाळ पांढरे लागते. कुमाईतासाठी फिकट बदामी अॅक्रिलिकवर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) तैलरंग पातळ लावून थोड्या वेळाने स्पंजने पुसून काढला की स्नायूंच्या खाचांत गडद छटा राहते आणि उंचवटे आपोआप उजळ दिसतात. तैलरंग पूर्ण वाळू द्यावा, घाई करू नये. पाखरीच्या अस्तराला मी विजापुरी लघुचित्रांतला गडद जांभळा आणि केशरी घेतला. पोलादाच्या करड्यापुढे ते दोन्ही रंग उठतात आणि दोन तुकड्या दुरूनही ओळखता येतात.

आता कार्यशाळेने रंगवून दिलेल्या दोन स्वारांविषयी. चेहरे स्वच्छ आहेत, डोळे सरळ आहेत, कापडावरच्या सावल्या बेताच्या आणि नीटस आहेत, घोड्यांचा रंगही चांगला उतरला आहे. चिलखत मात्र डोक्यापासून टाचेपर्यंत एकाच चंदेरी रंगाने भरून त्यावर एकच काळा वॉश दिलेला आहे. कड्या कुठे संपतात आणि पट्ट्या कुठे सुरू होतात ते समजत नाही, पाखरीचे वेगवेगळे भाग एकजीव झालेले आहेत आणि वरून सगळीकडे मॅट वार्निश मारल्याने पोलाद शिशासारखे निस्तेज झाले आहे. हाच हात त्यांच्याकडच्या पायदळावर शोभून दिसतो, म्हणजे कौशल्याचा प्रश्न नाही. चिलखताला लागणारा वेळ त्या दरात बसत नाही एवढेच. कार्यशाळेने चिलखती स्वारांचा दर वेगळा ठेवावा आणि पट्ट्या वेगळ्या रंगवून द्याव्यात, असे मी त्यांना सुचवले आहे. वार्निशबाबतही तोडगा सोपा आहे : आधी संपूर्ण आकृतीवर मॅट वार्निश द्यावे, ते वाळल्यावर पोलादाच्या भागावर ब्रशने सॅटिन (मंद चमकीचे) वार्निश फिरवावे आणि सिल्व्हरच्या कडा शेवटी पुन्हा उजळाव्यात. मी रंगवलेल्या स्वारांवर हेच केले आणि कापड मऊ, पोलाद थंड असा फरक टिकून राहिला.

तळासाठी कार्यशाळा सपाट एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) तुकडे देते. ते ठीक आहेत. त्यावर चाळलेली काळी माती पांढऱ्या गोंदात घट्ट बसवली आणि गवताचे दोन-चार झुबके लावले की आपल्या भागाची जमीन तयार होते. माती आधी तव्यावर चांगली भाजून घ्यावी.

भाल्यांविषयी कार्यशाळेचे म्हणणे आणि माझे मत एकच आहे. संच ताब्यात देतानाच त्यांनी सांगितले, “सर, भाला तेवढा तारेचा घाला, रेझिनचा हाताळताना टिकायचा नाही.” पातळ रेझिन ठिसूळ असते आणि खेळात आकृती दिवसभर उचलल्या-ठेवल्या जातात, त्यामुळे हा सल्ला योग्यच आहे. स्वाराची मूठ भरीव आहे, तिला एक मिमीचे भोक हळूहळू, हाताच्या ड्रिलने पाडावे. यंत्राच्या ड्रिलने बोटे फुटतात. तारेचे टोक हातोडीने चपटे करून कानशीने घासले की भाल्याचे पाते तयार होते आणि ते पोलादाचेच असल्याने त्याला रंगाचीही फारशी गरज पडत नाही. मात्र ग्राहकाने तारेचाच भाला करायचा असेल, तर कार्यशाळेने मूठ भोकासह छापून द्यायला हवी. फाइलमध्ये हा बदल किरकोळ आहे.

पॅकिंग उत्तम होते. प्रत्येक घोडा फोमच्या वेगळ्या खाच्यात होता आणि एकाचाही पाय मोडलेला नव्हता. सांगितलेल्या मुदतीपेक्षा संच थोडा उशिरा मिळाला, पण उशीर होणार हे आधी फोन करून कळवले होते. संपूर्ण संचाची किंमत परदेशातून मागवलेल्या प्लास्टिकच्या पेटीच्या निम्म्याहूनही कमी पडली. मागणी देताना थर ०.०३ मिमीचा हवा, टोपाचा माथा आणि घोड्याचा पुठ्ठा छपाईत तिरका ठेवावा आणि ढाली दोन जादा द्याव्यात, एवढे स्पष्ट लिहून द्यावे. कार्यशाळा लेखी सूचना पाळते, असा माझा अनुभव आहे.